जनताची चावी हातात आली तर

मामांच्या एचएमटी जनता या हाताने चावी द्यायच्या घड्याळाची दांडी, म्हणजे चावीच्या टोपीपासून आत मशीनमध्ये जाणारी बारीक सळई, चावी देता देता तुटली, एवढंच झालं होतं. मामा घड्याळ घेऊन दुकानात गेले, तर तिथे उत्तर मिळालं, "याचे पार्ट येत नाहीत हो आता. मशीन काढून सेलवालं बसवतो." मामांनी घड्याळ उचललं आणि थेट माझ्याकडे आले. बरं केलं. जनताचं १७ ज्वेल्सचं (झीज कमी करणाऱ्या खड्यांचं) धडधाकट मशीन एका दांडीपायी भंगारात जाणं मला मुळीच पटत नाही.

मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड, म्हणजे लेथवरचं काम, शिकवतो. घड्याळाची दांडी हा टर्निंगचा इतका देखणा नमुना आहे की मुलांना भिंगाखाली मुद्दाम दाखवतो. सगळ्यात आतलं टोक बारीक. मग चौकोनी भाग, त्यावर क्लचचं चाक पुढेमागे सरकतं. मग गोल भाग, त्यावर चावी भरणारं चाक. त्यानंतर दांडीला जागेवर धरून ठेवणारी लिव्हर अडकायची खाच आणि बाहेरच्या टोकाला आटे, ज्यांवर चावीची टोपी बसते. हे सगळं मिलिमीटरभर जाडीत.

बऱ्याच दांड्या खाचेतच तुटतात, कारण दांडी तिथे फार बारीक असते. तशी तुटली तर आतला तुकडा चाकात अडकून राहतो आणि काम वाढतं. मामांची आट्यांवर, टोपीच्या तोंडाशीच तुटली होती. तुटलेल्या जागी तांबूस गंज स्वच्छ दिसत होता. टोपीतलं रबर कडक झालं की घाम आणि पावसाळी दमट हवा आत शिरते, पोलाद पोखरतं, आणि एका सकाळी रोजच्याच जोराने चावी देताना टोपी हातात येते. "मी जास्त पिळली असेल का रे?" मामा दोनदा विचारत होते. नाही मामा, तुमच्या हाताचा काही दोष नाही.

मागचं झाकण उघडल्यावर दांडी जिथून आत शिरते तिथे लिव्हरचा छोटा स्क्रू असतो. तो फक्त सैल करायचा, दांडी सुटेपर्यंतच. पूर्ण काढला तर लिव्हर खाली तबकडीच्या बाजूला पडते, मग काटे आणि तबकडी उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं. मी जरा जरा फिरवत गेलो आणि चिमट्याने दांडी अलगद बाहेर ओढली.

टोपीत आट्यांचा तुकडा रुतून बसला होता. नवी टोपी मिळाली असती, पण मामांच्या बोटांनी झिजलेली हीच मला ठेवायची होती. इथे तुरटी कामाला येते. काचेच्या वाटीत गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घातली आणि टोपी त्यात सोडली. थोड्या वेळाने तुकड्यावरून बारीक बुडबुडे निघू लागले. तुरटीचं आम्लधर्मी पाणी पोलाद खातं, पितळाला मात्र फारसा धक्का लावत नाही. दुसऱ्या दिवशी काळा गाळ सुईने उकरला, आतले पितळी आटे शाबूत होते. वाटी लोखंडाची नको, आणि घड्याळाचा दुसरा कुठलाही पोलादी भाग त्या पाण्याजवळ नको.

पार्ट येत नाहीत हे खरं नाही. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात सुरू झालेलं एचएमटीचं घड्याळांचं काम २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं, तरी जुन्या घड्याळजींच्या ड्रॉवरमध्ये दांड्या अजून सापडतात. तुटलेली दांडी सोबत न्यावी आणि मशीनचा ०२३१ हा नंबर सांगावा.

नवी दांडी लांब येते. ती पूर्ण आत बसवून स्क्रू आवळायचा, टोपी चढवायची आणि टोपी व केस यांच्यातली फट मोजायची. तेवढं कापायचं, पण किंचित कमीच, उरलेलं कानशीने. आखूड झाली तर टोपी आधीच केसला टेकते आणि दांडी आपल्या जागी पोचत नाही. लांब राहिली तर फटीतून धूळ जाते. मी तीनचारदा लावून पाहत थोडं थोडं घासलं. चौकोनावर आणि खाचेत ग्रीसचा ठिपका, टोपीत नवं रबर.

मामांनी टोपी ओढून काटे फिरवून पाहिले, परत दाबली, आणि चावी द्यायला लागले. मी म्हटलं, "मामा, पुरी भरा, घाबरू नका."