टूल ओपन सोर्स घ्यायचं की पैशाचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, टीममध्ये नवीन आलेली पोरंही पहिल्या आठवड्यात हेच विचारतात. कोड लिहायच्या एडिटरचं लायसन्स मी दरवर्षी स्वतःच्या खिशातून भरतो, क्लोज्ड आहे, म्हणजे त्याचा आतला कोड आपल्याला दिसत नाही, चालतं मला, बनवणाऱ्याचंही घर चाललं पाहिजे ना. पण जिथे माझं काम साठतं ते टूल मला ओपनच लागतं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं.

कारण एकदा पोळलोय. एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागायची सोय, ती टेस्ट करायचं एक टूल वापरायचो, तीन वर्षांत तीनेकशे रिक्वेस्ट जमल्या होत्या, आणि त्यात "हा एरर आला तर आधी टाइमझोन बघ" असल्या नोट्स. एका सोमवारी अपडेट आलं आणि लॉगिन केल्याशिवाय काही उघडेना, लॉगिन म्हणजे सगळा डेटा त्यांच्या क्लाउडवर, आणि आमच्या क्लायंटला ते अजिबात चालणार नव्हतं. नशिबाने एका लॅपटॉपवर जुनं व्हर्जन राहिलं होतं, त्याचं वायफाय बंद केलं आणि मी नि एक ज्युनियर दोन दिवस एकेक नोट हाताने कॉपी करत बसलो.

लिनक्सवाल्यांचंही असंच झालेलं. 2002 पासून कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, कोड बिटकीपरमध्ये, कोडमधले बदल साठवून ठेवणारं हे टूल क्लोज्ड पण त्यांना फुकट, एक अट अशी की दुसरं तसलं टूल बनवायचं नाही. 2005 मध्ये अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या प्रोग्रामरने बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारं स्वतःचं टूल लिहायला घेतलं आणि कंपनीने फुकट लायसन्सच काढून घेतलं. मग लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने एप्रिलमध्ये त्याच कामाचं ओपन टूल, गिट, लिहायला घेतलं, जूनमध्ये 2.6.12 कर्नल गिटमधून बाहेर आलासुद्धा! बिटकीपर 2016 मध्ये ओपन केलं, पण तोवर सगळं जग गिटवर गेलेलं.

आता ओपन म्हणजे फुकटात मिळालेलं असं समजू नका, हे मात्र मी पोटतिडकीने सांगतो. एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारं ओपन टूल एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, तो थकलेला, मदतीला म्हणून आलेल्याने विश्वास कमावून त्यात बॅकडोर, म्हणजे चोरदरवाजा, घातला. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे लांबच्या मशीनवर शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खणत गेला म्हणून सापडलं.

म्हणून मॅनेजरला मेल टाकलाय, एडिटरवर मी भरतो तेवढेच पैसे कंपनीने रोज वापरतो त्या दोन ओपन प्रोजेक्टना द्यावेत. मार्चनंतर बघू म्हणालेत, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा विचारणार आहे.