यीस्टमधील मायलेकी

पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये नर-मादी असा भेद नसतो. त्याऐवजी 'ए' आणि 'अल्फा' असे दोन संयोगप्रकार असतात आणि एका प्रकारच्या पेशीचे मीलन फक्त दुसऱ्या प्रकारच्या पेशीशी होते. अल्फा पेशी 13 अमिनो आम्लांचे एक चिमुकले फेरोमोन (संकेत देणारे रसायन) बाहेर सोडते, ते जाणवताच ए पेशी विभाजन थांबवते आणि ज्या बाजूने संकेत आला त्या बाजूला टोक काढून वाढू लागते.

पेशीचा प्रकार तिसऱ्या गुणसूत्रावरील 'मॅट' या एकाच जागेवरून ठरतो. परंतु त्याच गुणसूत्रावर, मॅटच्या दोन्ही बाजूंना बऱ्याच अंतरावर, ए आणि अल्फा यांची एकेक प्रत मुकी करून, म्हणजे बंद ठेवून, जपलेली असते. 'एचओ' नावाचे विकर मॅटमध्ये डीएनएचे दोन्ही धागे कापते, आणि ही तूट सांधताना पेशी बहुधा विरुद्ध प्रकारची मुकी प्रत नमुना म्हणून वापरते, त्यामुळे ए पेशीची अल्फा होते. मुकी प्रत मात्र जागच्या जागी शाबूत राहते, म्हणून पुढे उलट बदलही शक्य असतो. हिक्स, स्ट्रॅथर्न आणि हर्स्कोविट्झ यांनी 1977 मध्ये मांडलेले हे 'कॅसेट' प्रारूप पुढे डीएनएच्या पातळीवर तंतोतंत खरे ठरले.

मला याहून देखणी वाटते ती बदलाची वेळ. एकटा पडलेला बीजाणू रुजला आणि त्याच्या सगळ्या पेशींनी एकदमच प्रकार बदलला, तर जोडीदार कुणालाच मिळणार नाही! म्हणून एकदा तरी विभागलेली मातृपेशीच बदलते, नवजात कन्यापेशी बदलत नाही. मातृपेशी 'अ‍ॅश१' या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए पेशीतील ॲक्टिन प्रथिनाच्या तंतूंवरून कळीच्या, म्हणजे तिच्यातून फुटणाऱ्या कन्यापेशीच्या, टोकाशी पाठवते. त्यापासून बनलेले प्रथिन कन्येच्या केंद्रकात साठते आणि तिथे एचओ जनुक चालू होऊ देत नाही. परिणामी एका पेशीच्या चार होतात तेव्हा दोन जुन्या प्रकारच्या आणि दोन नव्या प्रकारच्या असतात, आणि शेजारच्या शेजारी मीलन होते. मीलनानंतर दोन्ही प्रकारांची प्रथिने एकत्र येऊन एचओ जनुक बंद करतात.

प्रयोगशाळेतील बहुतेक वाणांमध्ये एचओ जनुक निकामी असते, आणि अशा स्थिर वाणांमुळेच ठरवून संकर करणे सोपे जाते.