आउग्सबुर्ग: पाण्याच्या वाटेने चौकापर्यंत

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील आउग्सबुर्ग शहरात आम्ही दोघी बहिणी पहिल्यांदा गेलो ते फेब्रुवारीत. ज्या तीन कारंज्यांसाठी मुद्दाम वाट वाकडी केली होती, ती तिन्ही थंडीपासून जपण्यासाठी बंदिस्त करून ठेवलेली निघाली. तेव्हा जाणाऱ्यांना पहिली सूचना हीच, की कारंजी वाहती पाहायची असतील तर मे ते सप्टेंबर या महिन्यांतच जावे. आम्ही जूनमध्ये पुन्हा गेलो. पुढील वर्णन त्या दुसऱ्या भेटीचे आहे.

म्युनिकहून साध्या प्रादेशिक गाडीने पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. दोघे किंवा अधिक जण असतील तर ‘बायर्न तिकीट’, म्हणजे बव्हेरियाभर चालणारे एका दिवसाचे तिकीट, काढणे परवडते. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो, मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालते आणि आयसीई या अतिवेगवान गाड्यांना चालत नाही.

बहुतेक प्रवासी स्थानकावरून थेट राटहाउसप्लाट्झ, म्हणजे नगरभवनाच्या चौकात जातात. माझ्या मते सुरुवात उलट्या टोकाने, शहराच्या दक्षिणेकडील रोटेस टोर या जुन्या वेशीपासून करावी, कारण चौकातल्या कारंज्यांचे पाणी याच बाजूने येत असे. वेशीला लागून तीन जलमनोरे उभे आहेत आणि त्यांतील सर्वांत जुन्याचा इतिहास 1416 पासून सुरू होतो. जुने शहर उंचवट्यावर आणि ओढे-कालवे खाली, अशी येथील अडचण होती. त्यामुळे कालव्याच्या प्रवाहावर पाणचक्की फिरवायची, तिच्या जोरावर पंप चालवून पिण्याचे पाणी मनोऱ्याच्या माथ्यावरील टाकीत चढवायचे आणि तेथून ते आपल्याच वजनाने नळांवाटे शहरभर जाऊ द्यायचे, अशी व्यवस्था येथील कारागिरांनी बसवली. पिण्याचे पाणी आणि कारखानदारीचे पाणी 1545 पासूनच कटाक्षाने वेगळे ठेवले जाई. दूषित पाण्याने रोग पसरतात हे विज्ञानाने सिद्ध करण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. या संपूर्ण जलव्यवस्थेला, तिच्या 22 स्थळांसह, युनेस्कोने 2019 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि चौकातली कारंजीही त्यातच मोडतात.

मनोऱ्यांपासून संत उलरिखच्या चर्चवरून माक्सिमिलियानश्ट्रासे या रुंद रस्त्याला लागले, की चौकापर्यंतचे अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. रस्त्यात दगडी फरशा असल्याने जाड तळव्यांचे बूट घालावेत. ताईच्या गुडघ्यांनी याची आठवण संध्याकाळपर्यंत करून दिली. वाटेत प्रथम हर्क्युलिसचे कारंजे लागते. सात तोंडांच्या जलसर्पावर गदा उगारलेला हर्क्युलिस वर आणि तीन जलकन्या खाली, अशी त्याची रचना आहे. पुढे मर्क्युरीचे कारंजे येते. व्यापाराच्या या देवाच्या पायाशी एक लहानगा त्याच्या पंख असलेल्या पादत्राणाशी खटपट करताना दिसतो आणि मला तरी हे शिल्प हर्क्युलिसपेक्षा अधिक जिवंत वाटले. दोन्ही कारंजी आड्रियान दे फ्रीस या शिल्पकाराची, 1600 च्या आगेमागे उभी राहिलेली आहेत.

या दोहोंच्या मधल्या टप्प्यात फुगर या सावकार घराण्याचे वाडे आहेत. येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे असे एक कारण आहे. मिऱ्यांच्या व्यापारासाठी फुगर आणि वेल्झर या आउग्सबुर्गच्या दोन घराण्यांचा अडत्या म्हणून फर्डिनांड क्रोन हा याच शहरात जन्मलेला माणूस 1587 मध्ये हिंदुस्थानात आला आणि पुढे अनेक वर्षे गोव्यात राहिला. या रस्त्यावरची श्रीमंती आपल्या किनाऱ्याला अशी येऊन भिडते, हे ठाऊक असले की वाड्यांकडे पाहण्याची नजर बदलते.

चौकात पोहोचल्यावर घाई करू नये. मधोमध ऑगस्टसचे कारंजे आहे. हूबर्ट गेरहार्डने घडवलेले हे काम 1594 मध्ये पुरे झाले. इसवी सनापूर्वी 15 मध्ये ज्याच्या कारकिर्दीत येथे रोमन छावणी पडली, तो सम्राट हात पुढे करून उभा आहे. मात्र माझे लक्ष खिळले ते कुंडाच्या काठावर रेललेल्या चार आकृतींवर. लेख, व्हेर्टाख, झिंगोल्ड आणि ब्रुनेनबाख हे या परिसरातील चार प्रवाह तेथे मानवी रूपात बसवले आहेत. यांतील ब्रुनेनबाख हा तसा छोटा ओढा, पण सकाळी पाहिलेल्या मनोऱ्यांना पिण्याचे पाणी पुरवणारा तोच. शहराने त्याला मोठ्या नद्यांच्या पंक्तीला, तेही सम्राटाच्या पायाशी, मानाने बसवले, हे पाहून मला भरून आले. भोवतालच्या लोखंडी जाळीमुळे फार जवळ जाता येत नाही. ऑगस्टसची मूळ ब्राँझमूर्ती जवळच्या माक्सिमिलियान संग्रहालयाच्या काचेच्या छताखालील अंगणात ठेवलेली आहे आणि चौकात तिची प्रतिकृती आहे, म्हणून संग्रहालयासाठी एक तास राखून ठेवावा.

एलियास होल या वास्तुकाराचे नगरभवन 1615 पासून बांधले गेले. त्याच्या त्रिकोणी शिखरभिंतीवर दुतोंडी गरुड रंगवलेला असून अगदी वर पाइनचे बोंड, म्हणजे शहराचे चिन्ह आहे. आतील ‘सोनेरी दालन’ 14 मीटर उंच असूनही त्यात एकही खांब नाही. फेब्रुवारी 1944 च्या बॉम्बफेकीत ते जळाले आणि आज दिसते ते पुढे कष्टाने पुन्हा उभे केलेले रूप आहे. चौकाचा आजचा मोकळेपणाही त्याच बॉम्बफेकीचा परिणाम आहे, कारण समोरची शेअरबाजाराची इमारत उद्ध्वस्त झाल्यावर ती पुन्हा बांधली गेली नाही. समारंभांमुळे दालन कधी कधी बंद असते, तेव्हा जाण्यापूर्वी चौकशी करावी. 8 ऑगस्टला शांतिउत्सवानिमित्त केवळ याच शहरात सार्वजनिक सुट्टी असते आणि रविवारप्रमाणे दुकाने बंद राहतात. शाकाहारी मंडळींनी केझश्पेट्झले मागवावे. चीजमध्ये घोळलेल्या शेवयांवर तळलेला कांदा, असा हा पोटभरीचा पदार्थ आहे.

जेवणानंतर नगरभवनाजवळच्या उतारावरून खाली जावे. तेथे होलनेच 1609 मध्ये बांधलेली खाटकांची पेठ आहे. मांस थंड राहावे आणि कचरा वाहून जावा म्हणून त्याने इमारतीखालून कालवा नेला. तेथून पुढच्या गल्ल्यांमध्ये हे कालवे आजही घरांच्या भिंतींना घासून वाहतात आणि दारादारांसमोर लहान लहान पूल आहेत. आम्ही संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत तेथेच एका पुलाच्या कठड्याशी उभ्या राहिलो.