सिॲटलहून न्यू जर्सीला, ४३-८ बघायला

माझ्या मित्राकडे सीहॉक्सचं, म्हणजे सिॲटलच्या अमेरिकन फुटबॉल टीमचं सीझन तिकीट होतं, टीमच्या लॉटरीत त्याला सुपर बोलची, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या फायनलची दोन तिकिटं लागली आणि दुसरं तिकीट माझ्या वाट्याला आलं. मॅच डेन्व्हर ब्रॉन्कोजशी, २ फेब्रुवारी २०१४ ला, न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर. ही मॅच एकतर्फी झाली म्हणून बोअर होती असं लोक अजूनही म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आम्ही शुक्रवारी रात्रीच्या विमानाने निघून नेवार्कला उतरलो आणि एडिसनला मावसभावाकडे मुक्काम. ओक ट्री रोडवर जाऊन पोटभर खाल्लं, शनिवारी मॅनहॅटनला चक्कर मारली, तिकडे ब्रॉडवेचा बराच भाग बंद करून सुपर बोलची जत्रा भरवली होती, चक्क बर्फाची घसरगुंडीसुद्धा, आणि आमचे निळे-हिरवे आणि डेन्व्हरचे केशरी जर्सीवाले एकमेकांना चिडवत फिरत होते. दादा सारखा म्हणायचा, "अरे, मॅनिंगपुढे तुमची पोरं काय टिकणार?" त्याचंही बरोबर होतं म्हणा. डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्या सीझनच्या १६ मॅचमध्ये ६०६ पॉइंट केले होते, तोपर्यंत एनएफएलमध्ये एवढे कुणी केले नव्हते, आणि त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू पेटन मॅनिंग, त्याचे एकट्याचे ५५ टचडाऊन पास (टचडाऊन म्हणजे बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन सहा पॉइंट), तोही रेकॉर्ड. आमची खासियत उलटी, सगळ्या लीगमध्ये सगळ्यात कमी पॉइंट देणारी टीम आमची. म्हणजे एक नंबरची बॅटिंग विरुद्ध एक नंबरची बॉलिंग म्हणा ना.

रविवारी दुपारी एडिसनहून ट्रेनने सकॉकस जंक्शन आणि तिथून गाडी बदलून स्टेडियम. स्टेडियमला चालत जायला बंदी, पार्किंग अगदी मोजकं, त्यामुळे गर्दी सगळी रेल्वेवर. जंक्शनवर सिक्युरिटी चेक, थंडी वाजेल म्हणून प्रत्येकाने तीन-तीन थर घातलेले आणि आत एवढी माणसं की लोकांनी जॅकेट काढून डोक्यावर धरली होती. उघड्या स्टेडियममध्ये, एवढ्या थंडीच्या गावात सुपर बोल पहिल्यांदाच होत होता, महिनाभर सगळे बर्फाची काळजी करत होते आणि प्रत्यक्षात किकऑफच्या, म्हणजे मॅच सुरू व्हायच्या वेळी साधारण ९ डिग्री, मस्त हवा. सीटवर ठेवलेल्या उशीत टोपी, हातमोजे, हात गरम ठेवायची पाकिटं, लिप बाम असं सगळं, आणि टोपीत छोटे दिवे बसवलेले, ते हाफटाइमला गायक ब्रुनो मार्सच्या शोमध्ये एकदम पेटले आणि सगळं स्टेडियम पडद्यासारखं झालं. टॉसला जुना क्वार्टरबॅक जो नामथ फरचा कोट घालून आला आणि त्याने घाईघाईत नाणं आधीच उडवलं, ते परत उडवावं लागलं.

आणि मग पहिलाच बॉल. मॅनिंग लाइनकडे चालत पुढे येत काहीतरी सांगतोय आणि त्यांचा सेंटर, म्हणजे त्याला मागे बॉल देणारा मॅनी रामिरेझ, त्याने बॉल मागे सोडला, तो मॅनिंगच्या डोक्याजवळून गेला थेट त्यांच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे टोकाच्या पट्ट्यात. सेफ्टी, म्हणजे त्यांचा बॉल त्यांच्याच पट्ट्यात अडकला म्हणून दोन पॉइंट आम्हाला, घड्याळात फक्त १२ सेकंद झालेले. सुपर बोलच्या इतिहासातला सगळ्यात लवकर झालेला स्कोअर. रामिरेझने नंतर सांगितलं की आवाजामुळे काउंट, म्हणजे बॉल कधी सोडायचा तो इशारा, ऐकूच आला नाही. तो आवाज आमचा होता हो! सीहॉक्सने १९८४ मध्ये १२ नंबरची जर्सी प्रेक्षकांच्या नावाने कायमची बाजूला ठेवली, मैदानावर ११ जण आणि बारावे आम्ही, आणि त्याच सीझनमध्ये डिसेंबरला सिॲटलच्या मैदानावर १३७.६ डेसिबलचा गिनेस रेकॉर्ड झाला होता. ते सगळं आम्ही तीन हजार मैल लांब घेऊन आलो होतो आणि पहिल्याच बॉलला ते चाललं, माझा घसा तिथेच बसला.

त्यानंतर त्यांच्या डेमॅरियस थॉमसने मधून धावत एक छोटा पास पकडला आणि आमच्या कॅम चान्सलरने त्याला असा काही धडकून पाडला की आमच्या वरच्या मजल्यापर्यंत धप्प ऐकू आलं असं मी शपथेवर सांगेन. माझ्या मते मॅच तिथे ठरली. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे धावतो, पण वरच्या कोपऱ्यातल्या सीटवरून आमचे सगळे ११ एकत्र दिसतात. अर्ल थॉमस एकटा मागे खोल उभा, चान्सलर पुढे, शर्मन आणि मॅक्सवेल दोन्ही कडांना, आणि बॉल पकडला रे पकडला की कबड्डीतल्या साखळीसारखे तिघे-चौघे आवळून येतात. मॅनिंगने त्या दिवशी ३४ पास पूर्ण केले, तेव्हाचा सुपर बोल रेकॉर्ड बरं का, पण यार्ड किती तर २८०, म्हणजे एका पासला जेमतेम आठ. पकडू द्यायचं आणि पुढे पाऊल टाकू द्यायचं नाही. यात बोअर काय आहे?

दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या क्लिफ ॲव्हरिलने मॅनिंगचा हात हलवला, बॉल उंच उडाला आणि माल्कम स्मिथने तो घेऊन ६९ यार्ड पळवला, टचडाऊन. हाफटाइमला २२-०. आजूबाजूचे ब्रॉन्कोजवाले म्हणत होते, मॅनिंग आहे, बघा आता. मग दुसऱ्या हाफचा पहिला किक पर्सी हार्विनने घेतला आणि ८७ यार्ड, कुणी हात लावला नाही, पुन्हा घड्याळात १२ सेकंद! २९-०. माझ्या शेजारी केशरी टोपीतले एक आजोबा होते, त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, छान खेळताय रे तुम्ही, आणि शेवटपर्यंत उठले नाहीत, मला त्यांचं फार कौतुक वाटलं. ३६-० झाल्यावर तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटच्या क्षणी डेन्व्हरचे आठ पॉइंट आले, शेवटी ४३-८.

एमव्हीपी, म्हणजे मॅचचा सर्वोत्तम खेळाडू, माल्कम स्मिथ, ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) सातव्या राउंडला घेतलेला. शर्मन आणि चान्सलर पाचव्या राउंडचे, टचडाऊन करणारे कर्स आणि बाल्डविन यांना तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. ज्यांना सगळ्यांनी सोडून दिलं होतं ती पोरं सगळ्यात भारी ऑफेन्सला रोखून उभी होती.

परतीला ट्रेनसाठी ३०,००० हून जास्त माणसं, स्टेडियममध्येच थांबा अशा घोषणा, आम्हाला काय, आम्ही गातच होतो. एडिसनला पोचेपर्यंत दोन वाजले, दादा जागा होता, म्हणाला, "जिंकलात बाबा, झोपा आता." सकाळी बघतो तर जोरात बर्फ, एक दिवस आधी पडला असता तर काय झालं असतं! सोमवारचं विमान रद्द, मंगळवारी कसंबसं मिळालं. बुधवारी सिॲटलला मिरवणूक, कडाक्याची थंडी आणि अंदाजे सात लाख माणसं, शहराची लोकसंख्याच तेव्हा साडेसहा लाखांच्या आसपास. आमच्या टीमचा मार्शॉन लिंच गाडीच्या बॉनेटवर बसून गर्दीत स्किटल्सच्या गोळ्या उधळत होता, आम्ही चौथ्या ॲव्हेन्यूवर पुढच्या रांगेत होतो.