मातीत पुरलेलं तांबं आणि चर बुजवू न देणारा माणूस

मेन बंद केलं की करंट संपला. आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात कुणालाही विचारा, हेच सांगतील. विहिरीवरची मोटर उघडताना, घरातल्या गीझरला हात लावताना आधी मेन पाडायचं, मग बोलायचं. म्हणूनच इथे अमेरिकेत, ओहायोत, तपासणीला आलेला अधिकारी जेव्हा म्हणाला, "तुमच्या घराचं मेन बंद असलं तरी तुमच्या पोहायच्या तलावाच्या पाण्यात करंट जाणवू शकतो," तेव्हा मी त्याला पुन्हा सांगायला लावलं.

तलाव म्हणजे चैनीचं काही नाही, हे आधीच सांगते, कारण फोटो बघून गावाकडून दोघातिघांचे टोमणे आले आहेत. आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, मलप्रभेच्या डोहात उड्या मारल्या. इथल्या पोरांना ना विहीर ना डोह. त्यांच्यासाठी अंगणात जमिनीवर उभा राहतो तसला गोल तलाव घेतला. बाहेरून पत्र्याची भिंत, आत प्लास्टिकचं अस्तर, बाजूला पंप आणि फिल्टर. उभारणाऱ्या माणसांनी पंपाला वायर जोडली, करंट गळला की तोडणारं जीएफसीआय बसवलं आणि ते निघून गेले. परवाना काढलेला असल्यामुळे तपासणी व्हायचीच होती. अधिकाऱ्याने एक फेरी मारली आणि लाल कागद चिकटवला. पाणी भरायचं नाही.

त्याला काय हवं होतं ते सविस्तर सांगते. तलावाच्या भोवती, भिंतीपासून 18 ते 24 इंच लांब, जमिनीखाली 4 ते 6 इंच खोल, तांब्याच्या तारेचं पूर्ण कडं. तार 8 गेजची, एकसंध, म्हणजे साधारण सव्वातीन मिलिमीटर जाड. हे कडं पत्र्याच्या भिंतीला सारख्या अंतरावर चार ठिकाणी जोडायचं. पंपाची मोटर, शिडी, जवळपासचं जे काही लोखंड असेल ते सगळं त्यालाच. आणि शेवटी पाणीसुद्धा! प्लास्टिकच्या अस्तरामुळे पाणी पत्र्यापासून तुटलेलं राहतं, म्हणून पाण्याला कमीत कमी 9 चौरस इंच धातू लागेल असा एक तुकडा बसवून तोही त्या तारेला बांधायचा. जोडाचे क्लॅम्प मातीत टिकणारेच हवेत. एवढं करून चर उघडा ठेवायचा. तो येऊन बघणार, मग माती.

मला राग आला होता, आणि तो उगाच नव्हता. जीएफसीआय आहे ना? ते इथे 5 मिलिअँपियरच्या आसपास तुटतं. आपल्याकडे याच कामासाठी घरात बसवतात तो आरसीसीबी 30 मिलिअँपियरला तुटतो. म्हणजे आधीच सहापट कडक. त्यावर आणखी एवढं तांबं कशाला?

तेव्हा त्याने चराच्या काठावर गुडघे टेकून समजावून सांगितलं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मला पटलं. जीएफसीआय फक्त आपल्या वायरीतून गेलेला आणि परत आलेला करंट मोजतं. पण करंट दुसऱ्या कुणाचा असेल तर? इथल्या खांबांवरच्या उच्च दाबाच्या लाइनला न्यूट्रलची तार सोबत असते आणि ती वाटेत जागोजागी जमिनीत उतरवलेली असते. परतीचा काही करंट त्या तारेऐवजी मातीतून चालतो. त्यामुळे अंगणातल्या एका जागेचा आणि दुसऱ्या जागेचा व्होल्टेज थोडा वेगळा असू शकतो. चप्पल घालून चालणाऱ्याला काही कळत नाही. ओल्या अंगाने, अनवाणी, एक हात शिडीला आणि पाय ओल्या मातीवर असलेल्या पोराला झिणझिण्या येतात. त्यासाठी घराचं मेन चालू असायलाच पाहिजे असं नाही.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजायला पुस्तक लागत नाही. वळवाच्या पावसात झाडाजवळ वीज पडते, बैल जागेवर जातो आणि शेजारी उभा असलेला माणूस कधीकधी वाचतो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून जमिनीतला फरक त्याच्या अंगातून जास्त वाहतो. तलावाभोवतीचं कडं हा फरकच मिटवतं. ते करंट जमिनीत घालवत नाही, ते काम अर्थिंगचं. कडं पाणी, पत्रा, शिडी आणि पायाखालची माती एकाच पातळीवर ठेवतं. फरक नाही तर अंगातून वाहायला काही नाही. इथल्या दुभत्या जनावरांच्या गोठ्यातही याच कारणाने काँक्रीटखाली लोखंडी जाळी जोडून ठेवतात, कारण पाण्याच्या हौदाला तोंड लावताना गायीला माणसापेक्षा लवकर चटका जाणवतो.

आता एक गोष्ट आपल्या बाजूने. आपल्याकडची 11 केव्हीची लाइन तीन तारांची. खांबाखांबावर न्यूट्रल मातीत घालत ती जात नाही. म्हणजे हे दुखणं बऱ्याच अंशी यांच्या जाळ्याचंच आहे, आणि त्यावरचं औषधही यांनीच काढलं. त्यांच्या विजेच्या नियमावलीची पहिली आवृत्ती 1897 ची, दर तीन वर्षांनी ती नवी होते. पण आपणही नियमाविना नाही. आय एस 3043 या भारतीय मानकात अर्थिंग आहे आणि धातूचे भाग एकमेकांना जोडून एका पातळीवर आणणंही आहे. अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा नीट भरणारे वायरमन आपल्या गावात आहेत. ज्या बेळगावात उद्यमबागेच्या फाउंड्र्यांमधून ओतकाम परदेशी जातं, तिथे धातू आणि करंट न कळणारी माणसं राहतात असं कुणी म्हणू नये.

फरक आहे तो चराच्या काठावरच्या त्या माणसात. आपल्याकडे घराच्या जोडणीला ठेकेदाराच्या सहीचा कागद लागतो. खड्डा भरण्याआधी कुणी येऊन वाकून बघत नाही. हा दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने चारही क्लॅम्प हाताने ओढून बघितले, एक सैल लागला तो घट्ट करायला लावला, आणि जाताना पोरांना कुठून चढायचं ते दाखवलं. लाल कागद त्याने स्वतः काढला. मला त्याचं कौतुक वाटतं आणि आपल्याकडे असं नाही याचं वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे.

गावात वायरिंगची कामं करणारे माझे मामा हे सगळं व्हिडिओवर बघत होते. म्हणाले, "काय पोरी, एवढं तांबं मातीत पुरूलालीस? आमच्याकडे रात्रीत उपसून नेतील." त्यात खोटं काही नाही, शेतातल्या मोटरच्या केबली तांब्यासाठी कापून नेतात हे सगळ्यांना माहीत आहे. मी त्यांना म्हटलं, कडं राहू दे, पण आईच्या न्हाणीघरातले लोखंडी नळ आणि गीझर एकाच तारेने अर्थला बांधा, आणि 30 चा आरसीसीबी बसवा. बोअरच्या स्टार्टरची लोखंडी पेटीही अर्थला जोडा, पावसात तिलाच हात लावायचा असतो. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, दाबल्यावर तुटलं नाही तर तो बदलायचा.

मामांनी आरसीसीबी मान्य केला. नळ बांधायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, आता सगळीकडे प्लास्टिकचेच पाइप, बांधायचं कशाला? नव्या घरांना ते लागू आहे. आईच्या घरातले नळ मात्र अजून जीआयचे, म्हणजे लोखंडीच आहेत. गणपतीला आम्ही येतोय. तोवर त्यांनी बांधले नाहीत तर मामांना सोबत घेऊनच ते काम करायचं मी ठरवलं आहे, आणि भिंत बुजवायच्या आधी मी बघणार हे त्यांना कळवूनही ठेवलं आहे.