लिस्बनमधली बालदी

रविवार, रात्री साडेदहा

पायांचे अक्षरशः तुकडे पडलेत. कॉलेज सुरू व्हायला अजून आठवडा आहे म्हणून आम्ही चौघी सकाळीच बाहेर पडलो. अठ्ठावीस नंबरच्या ट्रामला एवढी रांग होती की तो नाद सोडला आणि आल्फामाची चढण पायीच धरली.

वर एका बोळात एक म्हातारी उंबरा घासत होती. तिनं वर बघून हाक मारली, त्यातला एक शब्द मला लख्ख कळला. "बाल्द." खिडकीतून लेकीनं दोरीला बांधून निळी बादली खाली सोडली. मी जागच्या जागी थांबले. पुण्यात आम्ही बादली म्हणतो, पण वेंगुर्ल्याला आजी म्हणते, "बालदी भायर ठेव गो." तीच ही!

माझी रूममेट मडगावची. मग दिवसभर आमचं तेच चाललं. चावी, बटाटा, कोबी, लिलाव, नाताळ, सगळे इथूनच आलेले. 'पगार' म्हणजे यांच्या भाषेत पैसे चुकते करणं. खिडकीला हे जनेला म्हणतात आणि हिच्या घरी ती जनेलच आहे.

कार्मोच्या चर्चला छप्पर नाही. 1 नोव्हेंबर 1755 ला, सणाच्या सकाळी भूकंप झाला तेव्हा ते कोसळलं. नुसत्या कमानी उभ्या आहेत आणि मधे आभाळ. तिथे आम्ही बराच वेळ बसलो, कुणालाच बोलावंसं वाटेना.

दुपारी बेलेंला जेरोनिमोश मठात गेलो. आत शिरल्याबरोबर वास्को द गामाची कबर. वर हात जोडून निजलेली त्याची मूर्ती, बाजूला कोरलेलं गलबत. तो वारला कोचीला, 1524 साली, आणि त्याचे अवशेष या मठात आणले 1880 मध्ये. लोक फोटो काढत होते. मला राग आला, खोटं कशाला लिहू? यांनी गोव्यावर 451 वर्षं राज्य केलं, देवळं पाडली. रूममेट मात्र शांतपणे कबरीशेजारची पाटी वाचत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आजोबा शाळेत पोर्तुगीज शिकले होते. 1961 नंतर घरात कधी बोलले नाहीत. आज असते तर त्यांच्याकडून वाचून घेतली असती." मी तिचा हात धरला. नदीकाठानं स्टेशनपर्यंत तशाच चालत आलो.

राग अजून आहे. पण सकाळची ती हाक ऐकून झालेला आनंदही खराच होता, आणि मला त्यातलं काहीच सोडायचं नाही.

आजीला विचारायचंय, तुझी आई बालदीच म्हणायची का, आणि तिची आई? तिकडे आत्ता पहाटेचे तीन वाजलेत. आजी पाचला उठते, पण तोवर माझे डोळे उघडे राहायचे नाहीत. उद्या फोन करते.