तुम्ही विचारलंत म्हणून: गेटवरचा फलक

बडोद्यात, रावपुऱ्यात मुंजीच्या पंगतीत असो की मकरपुऱ्यातल्या एखाद्या तरुण मॅनेजरचा फोन असो, प्रश्न एकच: "काका, 'अपघाताविना इतके दिवस' हा फलक तुम्ही कारखान्याच्या गेटवरून का काढलात? ४१२ पर्यंत आला होता ना?" आला होता. एकदाचं लिहून टाकतो.

फलक मीच लावला होता आणि त्यात काही गैर नव्हतं, असं अजूनही अधूनमधून वाटतं. ५०० दिवस झाले की प्रत्येकाला प्रेशर कुकर. खोट कुकरात नव्हती, हिशेबात होती. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे जखमी माणूस ४८ तास कामाला मुकला तर निरीक्षकाला कळवावं लागे. आमचा फलकही त्याच ४८ तासांवर चाले. मग काय, बोटाला टाके पडलेल्याला दुसऱ्या दिवशी रिक्षाने आणायचं, टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवायचं, हजेरी लावायची. आकडा पुढे सरकला. मला हे माहीत नव्हतं, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. माहीत नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं.

आता पॅकिंगचा स्क्रू कन्व्हेयर, म्हणजे लांब पन्हाळीत फिरत माल पुढे ढकलणारा मळसूत्री स्क्रू. आमच्या पावडरीसारख्या मालाला त्याचा ट्रफ, म्हणजे ती पन्हाळ, साधारण ३० टक्केच भरू द्यायचा असतो. उत्पादन वाढवायला आम्ही फीड, म्हणजे आत सोडायचा माल, वाढवला आणि ट्रफ ४० टक्क्यांच्या वर भरू लागला. स्क्रूला मध्ये आधार देणारं हँगर बेअरिंग असतं. तिथे पातं तुटक असल्याने माल ढकलला जात नाही, साचतो. त्यात बडोद्याचा श्रावण, पावडर ओल धरते. पाळीत तीनदा जाम. अशा वेळी करायचं ते असं: मोटर बंद, आयसोलेटर (वीज तोडणारा खटका) खाली, त्याला आपलं कुलूप, किल्ली आपल्या खिशात, मग स्टार्टचं बटण दाबून मोटर खरंच फिरत नाही ना ते बघायचं आणि मगच झाकणाचे बोल्ट. बटण दाबून बघणं लोक हमखास गाळतात. भलताच आयसोलेटर पाडला गेला असेल तर ते तिथेच कळतं. सगळं मिळून २५ मिनिटं. पण १५ मिनिटांवरचं प्रत्येक थांबणं सकाळच्या बैठकीत यायचं आणि तिथे मी विचारायचो, "कोणामुळे?"

म्हणून झाकणाचा लिमिट स्विच, झाकण उघडलं की मोटर थांबवणारा, तारेने दाबून बांधला गेला. 'चालशे', चालेल. झाकण उघडं, स्क्रू फिरतोय, वरून सळईने टोचायचं. सळई दोनदा आत ओढली गेली, एकदा हातमोजा गेला. कुकर जवळ येत होता, कोणी बोललं नाही. चौथ्यांदा हात गेला. तीन बोटं.

चौकशीत विचारलं ते एवढंच, की तार कोणी बांधली. ऑपरेटरला मेमो गेला, खाली सही माझी. मेमोतला शब्दन् शब्द खरा होता. १५ मिनिटांचा नियम कोणाचा, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. तेव्हाच्या मला हे दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, शिस्त नको का? हवी. त्याच्याशी माझं हे भांडण अजून मिटलेलं नाही. रंगारी ४१२ पुसून शून्य लिहायला आला, तेव्हा त्याला म्हटलं, फलकच उतरव.

पुढचं थोडक्यात. फीड कमी करून ट्रफ परत ३० टक्क्यांवर आणला, उत्पादन घटलं, ते वर तसंच कळवलं. लिमिट स्विच काढून जिभेचा इंटरलॉक बसवला. जीभ झाकणालाच जोडलेली, ती स्विचात शिरल्याशिवाय मोटर चालत नाही, त्यामुळे तारेचं काम नाही. बैठकीत पहिला प्रश्न बदलला: "काल कुठला अपघात थोडक्यात टळला?" पेटीत बिननावाची चिठ्ठी: जागा, वेळ, काय झालं. सात दिवसांत काय केलं ते पेटीवरच चिकटवायचं, केलं नसेल तर का नाही तेही. दोनदा उत्तर चुकलं की चिठ्ठ्या आटतात. सुरुवातीला त्या इतक्या येतात की वरच्यांना वाटतं कारखाना बिघडला. त्यांना आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, ऐकून घ्यावं लागलं.

"मग जमलं ना?" हा तुमचा पुढचा प्रश्न. कायम कामगारांत बऱ्यापैकी. ठेकेदाराच्या माणसांत नाही. तक्रार केली की उद्यापासून येऊ नकोस, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि पॅकिंगला बहुतेक तीच असतात. चिठ्ठी बिननावाची म्हणाल, तर पाळीत माणसं चार, लिहिता येणारा एक.